कंठीरवाच्या अंगणात

बंगळूर शहराच्या मध्यभागी कब्बन पार्क हे विस्तीर्ण उद्यान आहे. २०१४ सालापासून ह्या शहराचे अधिकृत नाव बेंगळुरू झाले असले, तरी मराठी माणसाच्या तोंडी अद्याप बंगळूरच बसलेले आहे. ह्या उद्यानाला लागून कस्तुरबा मार्ग जातो. त्या मार्गावर पदार्थसंग्रहालय आहे, व्यंकटप्पा चित्रशाळा आहे आणि विश्वेश्वरय्यांच्या नावाचे औद्योगिक संग्रहालयही आहे. मुलाबाळांना घेऊन आलेले प्रवासी ह्या तिन्ही वास्तू पाहतात आणि परततात. त्याच परिसरातील श्री कंठीरव क्रीडांगणाकडे मात्र त्यांचे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः ह्या शहराचा स्वभाव समजून घ्यावयाचा असेल, तर तेथे एखादी संध्याकाळ घालवण्यासारखा दुसरा उपाय नाही.

कंठीरव हा शब्द संस्कृत आहे. ज्याच्या कंठातून रव, म्हणजे गर्जना, उमटते तो कंठीरव; अर्थात सिंह. म्हैसूरच्या वोडेयर घराण्यातील एकाहून अधिक पुरुषांनी हे नाव धारण केले होते. मराठी वाचकांना मौज वाटेल अशी गोष्ट म्हणजे, १६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान ह्याच्यासमवेत शहाजीराजे बंगळुरावर चालून आले, त्याच साली म्हैसूरच्या गादीवर कंठीरव नरसराज बसला. आज मात्र कंठीरव म्हटले की बंगळूरकरांना आठवतो तो फुटबॉल, आणि हजारो कंठांतून एकदम उठणारा घोष. क्रीडांगणाला याहून समर्पक नाव सापडले नसते.

जेथे आज हे क्रीडांगण उभे आहे, तेथे पूर्वी संपंगी नावाचे मोठे तळे होते. गेल्या शतकात ते आटत, बुजत गेले. आता त्याचा एक लहानसा अवशेष क्रीडांगणाच्या आवारात उरला आहे. तो राखून ठेवण्याचे कारण धार्मिक आहे. दरवर्षी चैत्र पौर्णिमेच्या सुमारास बंगळुरात ‘करगा’ हा उत्सव होतो, आणि त्यातील एक विधी ह्या तळ्याशी बांधलेला आहे. पौर्णिमेच्या रात्री धर्मराय स्वामींच्या देवळातून स्त्रीवेष धारण केलेला पुजारी डोक्यावर फुलांनी मढवलेला करगा घेऊन निघतो. द्रौपदीचे हे रूप. त्याच्याभोवती नागव्या तलवारी घेतलेले वीरकुमार चालतात. मिरवणूक रात्रभर शहरातून फिरते आणि वाटेत तवक्कल मस्तान ह्या मुसलमान साधूच्या दर्ग्यापाशी थांबते. रस्ते माणसांनी फुलून गेलेले असतात. बंदोबस्ताला पोलीस असतातच. परंतु त्या गर्दीची खरी शिस्त वीरकुमारांच्या आणि परंपरेच्या हाती असते. कोणी कोठे चालावे, कोठे थांबावे, कोणाला वाट द्यावी, हे सारे लोकांनीच पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेले आहे. फुटबॉलच्या प्रेक्षकांविषयी लिहिताना ह्या उत्सवाची आठवण उगाच केलेली नाही, हे पुढे दिसून येईल.

बंगळुरास फुटबॉलचे वेड नवे नाही. १८०९ साली इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली, आणि पुढे गोऱ्या पलटणींबरोबर हा खेळ आला. छावणीच्या आसऱ्याने वाढलेल्या अलसूर, ऑस्टिन टाउन, गौतमपुरा ह्या वस्त्यांतील पोरांनी तो उचलला आणि आपलासा केला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स ह्या संघाने मुंबईस येऊन रोव्हर्स करंडक जिंकला. तोवर त्या करंडकावर लष्करी पलटणींचेच नाव कोरले जात असे. तो मिळवणारा हा पहिला भारतीय संघ होय. पुढच्याच वर्षी त्याने तो राखलाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक गोल नोंदवणारे सारंगपाणी रामन हे म्हैसूर संस्थानच्या संघातील खेळाडू होते. गौतमपुरा वस्तीत तर आजही एक नवलाचे दृश्य दिसते. तेथे भगवान बुद्ध, डॉ. आंबेडकर आणि मदर तेरेसा ह्यांच्या पुतळ्यांसमवेत पेले ह्या ब्राझीलच्या खेळाडूचा पुतळा उभा आहे. त्या वस्तीने आपली दैवते अशी मोकळ्या मनाने निवडली आहेत.

२०१३ साली बेंगळुरू एफ. सी. ह्या नव्या क्लबाची स्थापना झाली. पहिल्याच मोसमात, एप्रिल २०१४ मध्ये, गोव्यातील फातोर्डा मैदानावर डेम्पो संघाला ४–२ असे हरवून त्याने राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली. क्लबाचे आरंभीचे सामने अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल मैदानावर होत. तेथील पश्चिमेच्या स्टँडात काही तरुण एकत्र बसू लागले; बसू लागले म्हणण्यापेक्षा उभे राहू लागले, कारण नव्वद मिनिटे बसायचे नाही हा त्यांचा पहिला नियम. पश्चिमेचा स्टँड आणि क्लबाचा निळा रंग ह्यांवरून त्यांनी आपल्या मेळ्याला ‘वेस्ट ब्लॉक ब्ल्यूज’ असे नाव घेतले. क्लब कंठीरवावर आला, तेव्हा ढोल, निशाणे आणि गाणी घेऊन हा मेळाही तेथे आला.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ह्या प्रकाराचे कोडे पडते. पोरगा दिवसभर कचेरीत काम करून मैदानावर जातो, घसा बसेपर्यंत ओरडतो आणि मध्यरात्री घरी येतो. ह्यात त्याला मिळते काय? ह्याचे उत्तर लोककथा कशी जन्मते ह्यात आहे. अमुक सामन्याला अमुक सदरा घातला होता म्हणून संघ जिंकला. तमुक माणूस उठून गेला आणि लगेच गोल झाला, म्हणून आता त्याला उठू द्यावयाचे नाही. अशा समजुती सगळ्या मैदानांवर आढळतात. कलकत्त्यात ईस्ट बंगालचा विजय झाला की घरोघरी हिलसा मासा आणि मोहन बागान जिंकले की कोळंबी, हा रिवाज बंगाली कुटुंबांत कित्येक पिढ्यांचा आहे. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा दूर उभ्या असलेल्या लोकांना गोलांची संख्या कळावी म्हणून पतंग उडवले जात होते, असे सांगतात. त्याच दिवशी कोणा प्रेक्षकाने किल्ल्यावरील इंग्रजांच्या निशाणाकडे बोट दाखवून ‘ते खाली कधी येणार?’ असे विचारल्याची कथाही प्रसिद्ध आहे. असे खरोखर घडले की नाही, हा प्रश्न गौण आहे. ज्या कथा लोक आपल्या मुलांना सांगतात, त्यांनी समूह बांधला जातो. केवळ जमलेली माणसे म्हणजे गर्दी. आणि एक गाणे, एक स्मृती, एक समजूत ज्यांची सामाईक असते, तो समाज.

परंतु प्रत्येक संघाचा समाज असाच स्वतंत्र असतो, आणि एक समाज जेव्हा दुसऱ्याच्या अंगणात जातो तेव्हा कसोटीचा प्रसंग येतो. कंठीरवावर असे पाहुणे वारंवार आले आहेत. ३१ मे २०१५ रोजी मोहन बागानला साखळी स्पर्धा जिंकण्यासाठी येथे केवळ बरोबरी हवी होती. कलकत्त्याहून त्यांचे पाठीराखे लांबचा प्रवास करून आले होते. बेंगळुरूने पहिल्या अर्ध्यात गोल करून आघाडी घेतली. ८७व्या मिनिटापर्यंत करंडक बंगळुरातच राहणार असे दिसत होते. मग बेल्लो रझाक ह्या बागानच्या बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि तेरा वर्षांनी कलकत्त्याच्या त्या जुन्या क्लबाला राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. ज्यांच्या हातातून करंडक निसटला ते यजमान आणि ज्यांना तो मिळाला ते पाहुणे, असे हजारो लोक एकाच दरवाजांतून एकाच रस्त्यावर येतात. तो रस्ता सांभाळणे हे पोलिसांचे काम.

त्याहून अवघड पाहुणे केरळचे. केरळ ब्लास्टर्सच्या पाठीराख्यांच्या मेळ्याचे नाव ‘मंजप्पडा’. मल्याळम भाषेत मंज म्हणजे पिवळा आणि पडा म्हणजे सेना. ही पिवळी सेना होय. कोचीहून रात्रीच्या बसने वा गाडीने निघालेली मंडळी सकाळी बंगळुरात उतरतात. शिवाय नोकरीशिक्षणाच्या निमित्ताने बंगळुरात स्थायिक झालेले केरळीय पुष्कळ आहेत. तेव्हा पाहुणा कोण आणि यजमान कोण, हेच सांगणे कठीण होते. पाहुण्यांसाठी नेमून दिलेल्या स्टँडाच्या बाहेरही पिवळे सदरे दिसतात आणि कधी कधी एकाच कचेरीतील दोन मित्र दोन रंगांत येतात. थट्टेच्या घोषणा दोन्हीकडून झडतात. त्या बहुधा थट्टेवरच थांबतात. सगळ्याच वेळी थांबतात असे मात्र नाही.

३ मार्च २०२३ रोजी ह्याच मैदानावर ह्या दोन संघांचा बाद फेरीचा सामना झाला. निर्धारित वेळ गोलाविना संपली. जादा वेळात बेंगळुरूला फ्री किक मिळाली. प्रतिपक्षाचे खेळाडू अजून भिंत रचत असतानाच सुनील छेत्रीने चेंडू थेट जाळ्यात मारला, आणि पंचांनी तो गोल धरला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच ह्यांनी निषेध म्हणून आपला संघ मैदानाबाहेर काढला. तो परत आलाच नाही. सामना बेंगळुरूला बहाल झाला. पुढे राष्ट्रीय महासंघाने केरळच्या क्लबाला ४ कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी घातली. नियमाचा निवाडा असा झाला. लोकस्मृतीचा निवाडा वेगळाच असतो. त्या रात्रीपासून एका बाजूस ती चतुराईची कथा झाली आणि दुसऱ्या बाजूस अन्यायाची. पुढील प्रत्येक सामन्यास दोन्ही कथा स्टँडांत येऊन बसतात.

आता ह्या चित्रातील तिसऱ्या माणसाकडे वळू. तो म्हणजे बंदोबस्ताचा शिपाई. मैदानाच्या कडेला तो उभा असतो, परंतु त्याची पाठ खेळाकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे असते. एका बाजूने दुमडलेली रुंद काठाची टोपी ही कर्नाटकच्या शिपायाची जुनी ओळख. २०२५ च्या ऑक्टोबरात तिची जागा निळ्या टोपीने घेतली. गोल झाला हे त्याला समोरच्या चेहऱ्यांवरून कळते. दुपारपासून तो उभा असतो, आणि सारे लोक घरी गेल्यावर त्याची सुटी होते. त्याला जी सूचना मिळालेली असते तीत बहुधा एकच शब्द ठळक असतो: गर्दी. दुसऱ्या राज्यातून आलेला, वेगळी भाषा बोलणारा, ढोल बडवणारा तरुण त्याला संशयास्पद वाटतो. तरुणालाही वाटते की आपण तिकीट काढून, रात्र जागून आलो, आणि दारात आपली झडती चोराप्रमाणे होते. निशाणाची काठी काढून घेतली, पाण्याची बाटली टाकावयास लावली, खिशातील सुटी नाणी ठेवून घेतली. तरी कारण कोणी सांगत नाही. निम्मी भांडणे येथेच जन्मतात. काठी का नको, हे कानडीत वा मल्याळममध्ये किंवा मोडक्या हिंदीत का होईना कोणी समजावून सांगितले, तर तोच तरुण ती निमूटपणे खाली ठेवतो.

ही नुसती सद्भावनेची गोष्ट नाही. तिला अनुभवाचा आधार आहे. २००४ साली पोर्तुगालमध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धा झाली. इंग्लंडच्या पाठीराख्यांची कीर्ती तेव्हा भयंकर होती. ज्या शहरांत सामने होते तेथील पोलिसांनी शिरस्त्राणे व ढाली नजरेआड ठेवल्या, लहान लहान तुकड्यांनी ते लोकांत मिसळले, त्यांच्याशी बोलले, आणि जो खरोखर दांडगाई करील त्यालाच तेवढे बाजूस घेतले. तेथे शांतता राहिली. त्याच देशात, त्याच दिवसांत, आल्बुफेरा ह्या समुद्रकाठच्या गावी दुसऱ्या दलाने जुन्या पद्धतीचा बंदोबस्त ठेवला होता. तेथे मात्र रात्री दंगल उसळली. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी ह्या दोन्हींची तुलना केली आहे. सरसकट सर्वांना गुंड मानले की शांत माणूसही गुंडाच्या बाजूस उभा राहतो, हे त्या तुलनेचे सार.

ह्याच्या उलट इंग्लंडातील हिल्सबरोची गोष्ट. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या त्या मैदानावर बाहेर तुंबलेली गर्दी आत घेण्यासाठी पोलिसांनी एक मोठा दरवाजा उघडला, आणि लोक आधीच भरलेल्या कठड्यांत लोटले गेले. ९७ माणसे प्राणास मुकली. पाठीराख्यांनीच दरवाजा फोडला असे अधिकाऱ्यांनी सांगितले, आणि ते पुष्कळांना खरे वाटले, कारण पाठीराख्यांविषयीची कथा आधीच तयार होती. २०१६ साली ज्यूरीने निकाल दिला की पाठीराख्यांचा दोष नव्हता आणि त्या माणसांचा मृत्यू बेकायदा कृत्याने झाला. हे ऐकावयास त्यांच्या आईबापांना २७ वर्षे वाट पाहावी लागली. आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल ह्यांच्या सामन्यात मारामारी होऊन चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक दगावले. त्यांच्या स्मरणार्थ बंगालमध्ये तो दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो. दोष कधी पाठीराख्यांचा असतो, कधी बंदोबस्ताचा. परंतु मरणारा बहुधा तिकीट काढून आलेला साधा माणूस असतो.

बंगळुरास हा धडा दूरच्या उदाहरणांतून शिकावा लागला नाही. कंठीरवापासून मैलभराच्या अंतरावर, कब्बन पार्कच्या दुसऱ्या अंगास, चिन्नस्वामी क्रिकेट मैदान आहे. ३ जून २०२५ रोजी बंगळूरच्या क्रिकेट संघाने अहमदाबादेत आय. पी. एल. स्पर्धा प्रथमच जिंकली. दुसऱ्याच दिवशी सत्कार ठरला. मैदानाची आसने सुमारे ३५ हजार. रस्त्यावर लाखांवर लोक. प्रवेश कोणास, कोणत्या दाराने, पास हवा की नको, ह्याविषयी घोळ झाला आणि दारांपाशी ११ जण चेंगरून मेले. त्यांत बहुतेक तरुण व मुलेच होती. येथे प्रतिस्पर्धी संघ नव्हता, वैराच्या घोषणा नव्हत्या. सगळे एकाच रंगाचे आणि आनंदात होते. शासनाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केले. ते निलंबन पुढे मागे घेण्यात आले. जबाबदारी संघाची, संयोजकांची की पोलिसांची, ह्यावर न्यायासनांपुढे वाद झाला. त्याच वर्षी गर्दीच्या नियमनासंबंधीचे विधेयकही विधिमंडळात मांडले गेले.

ह्या दुःखद घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. धोका केवळ घोषणा देणाऱ्या पाठीराख्यांपासून असतो, ही समजूत तिने खोटी ठरवली. कंठीरवावरील पश्चिमेच्या स्टँडात लोक एकमेकांना ओळखतात. कोण नवखा आहे, कोणाला चक्कर आली, कोण मर्यादा सोडतो आहे, हे शेजाऱ्याला कळते. चिन्नस्वामीच्या दारापाशी मात्र कोणी कोणाचा नव्हता. ओळख नसलेली, सूचना नसलेली, वाट माहीत नसलेली माणसे ही खरी भयाची गर्दी. करग्याच्या रात्रीही लोक लोटतात. परंतु तेथे प्रत्येकाला आपली वाट माहीत असते, आणि वीरकुमार आपलेच असतात.

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न परका नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठेचे पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शहर दुभंगते. तेथे पाहुणे परगावचे नसून पलीकडच्या पेठेतले असतात. तरी वाद, दगडफेक आणि पोलिसांचा ताप चुकलेला नाही. तेथेही जे सामने सुखरूप पार पडतात, ते केवळ काठीच्या धाकाने नव्हे. तालमीतील वडील मंडळी पोरांना आवरतात म्हणून पार पडतात.

म्हणून करावयाचे ते फार अवघड नाही. जर्मनीत १९८१ साली ब्रेमेन शहरी पाठीराख्यांसाठी पहिला समाजकार्य प्रकल्प सुरू झाला. पुढे तशी केंद्रे देशभर झाली. क्लब, पोलीस आणि तरुण ह्यांच्यामध्ये बोलणारा कोणीतरी माणूस असावा, एवढीच त्यामागील कल्पना. आपल्याकडेही सामन्याच्या आधी दोन्ही मेळ्यांतील चार शहाणी माणसे आणि बंदोबस्ताचे अधिकारी एकत्र बसले, कोणता दरवाजा, कोठे बस थांबणार, काय आणावे व काय आणू नये हे पाहुण्यांच्या भाषेत आधी कळवले, तर दारातली निम्मी बाचाबाची टळेल. पाठीराख्यांच्या अंगीही काही कर्तव्य आहे. थट्टा संघाची करावी. आईबहिणीवर, जातीवर, भाषेवर जाऊ नये. आपल्यातला जो दारू पिऊन येतो, त्याला पोलिसांआधी आपणच थोपवावे.

बंगळुरास जाण्याचा योग आला आणि कंठीरवावर सामना असेल, तर कुटुंबासह अवश्य जावे. तासभर आधी पोहोचावे. आपला दरवाजा कोणता हे तिकिटावर पाहून ठेवावे. चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा मुलांना दाखवून ठेवावी. दार बंद असेल, तर पुढे रेटू नये. सामना संपल्यावर पहिल्या लोंढ्यात न शिरता दहा मिनिटे जागेवरच थांबावे. आणि आपल्यासमोर मैदानाकडे पाठ करून जो शिपाई उभा असेल, त्याने विचारले वा न विचारले तरी, गोल कोणी केला हे त्याला जरूर सांगावे.